पहाटे बसत नाही, दुपारी आपोआप बसतो: सोन्याच्या एका मेम्स स्विचचं प्रकरण

गच्चीवरच्या अँटेनाखाली एक बंद ॲल्युमिनियमची पेटी. आत ५ वॅटच्या रेडिओचं ट्यूनिंग सर्किट आणि त्यात केसाच्या जाडीपेक्षा थोडा रुंद असा एक मेम्स स्विच, म्हणजे चिपवर घडवलेला, खरोखर हलणारा सूक्ष्म यांत्रिक स्विच. टेबलावर २५ अंशाला तो बिनचूक चालतो: ७० व्होल्ट दिले की खाली बसतो, काढले की सुटतो. हीच पेटी विदर्भात डिसेंबरच्या पहाटे १० अंशाला चालू केली तर ७० व्होल्ट देऊनही स्विच बसत नाही. त्याच दिवशी दुपारी उन्हाने पेटी आतून ४५ अंशाला गेली की ट्रान्समिट सुरू होताच, व्होल्टेज न देता, तो आपोआप बसतो. एप्रिल-मेमध्ये पेटी ६५-७० अंशाला पोचली की तिसरंच चित्र दिसतं: काही चिप्समधले स्विच कायमचे बसलेले, काहींमधले कितीही ओढले तरी वरच.

पहिला संशय ड्रायव्हरवर, म्हणजे स्विचला व्होल्टेज देणाऱ्या सर्किटवर जातो आणि तसा तो जायलाच हवा. पण इथे ७० व्होल्ट तिन्ही वेळी ७०च होते. बदलला होता तो स्विचमधला पूल, म्हणजे दोन टोकांना धरलेली हलती पट्टी. हा स्विच कुठल्या एका कंपनीचा नाही. मापं या प्रकारात नेहमी दिसणारी घेतली आहेत आणि खालचे आकडे त्या मापांवरून काढलेले आहेत. दोष पुलाच्या धातूत नसून तो दोन्ही टोकांना कसा धरला आहे त्यात आहे, आणि व्होल्टेज वाढवून तो दुरुस्त होत नाही.

स्विच आतून कसा आहे

सिलिकॉनच्या चिपवर सिग्नलची सोन्याची पट्टी, रुंदी १०० मायक्रॉन. तिच्यावर सिलिकॉन नायट्राइडचा ०.२ मायक्रॉन विद्युतरोधक थर. त्याच्या वर ३ मायक्रॉन हवा सोडून सोन्याचा पूल: लांबी ३०० मायक्रॉन, रुंदी १००, जाडी १. पुलाची दोन्ही टोकं अँकरवर, म्हणजे चिपवरच्या आधारांवर घट्ट बसवलेली आणि अँकर जमिनीच्या (ग्राउंडच्या) पट्ट्यांना जोडलेले. पट्टीला व्होल्टेज दिलं की विद्युत आकर्षणाने पूल खाली येतो, नायट्राइडवर टेकतो, मधली धारिता (कपॅसिटन्स) कित्येक पट वाढते आणि सिग्नल जमिनीकडे जातो. याला धारिता-प्रकारचा शंट स्विच म्हणतात. सिलिकॉनवर असे पापुद्र्याचे स्विच करता येतात हे आयबीएममधल्या कर्ट पीटरसन यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. रेडिओच्या कामासाठी त्यांचा खरा पाठपुरावा १९९० च्या दशकात झाला.

पूल खाली ओढताना दोन गोष्टी विरोध करतात. एक, पट्टी वाकवायला लागणारा जोर, म्हणजे तिचा स्वतःचा ताठपणा. दुसरी, ताणलेल्या दोरीसारखा तिच्यातला ताण. सोन्याचा थर बसवताना त्यात थोडा ताण उरतोच, आणि तो मुद्दाम राखतात, नाहीतर पूल झोळीसारखा लोंबेल. या चिपवर २५ अंशाला लांबीच्या दिशेने २० मेगापास्कल ताण आहे.

सोन्याचा यंग गुणांक, म्हणजे ताणाला धातू किती विरोध करतो त्याचं माप, ७८ गिगापास्कल धरून मधल्या १०० मायक्रॉनवर जोर लागतो असं गणित मांडलं की वाकण्याचा ताठपणा येतो ५.१ न्यूटन प्रति मीटर. ताणामुळे मिळणारा ताठपणा येतो दर मेगापास्कलमागे १.६, म्हणजे २० मेगापास्कलला ३२. एकूण ३७. यातला तब्बल ८६ टक्के वाटा ताणाचा आहे, आणि या प्रकरणाची सगळी गोम याच प्रमाणात आहे. पूल 'सोन्याची पट्टी' म्हणून फारच कमी काम करतो. तो काम करतो ताणलेली तार म्हणून, आणि तबला किंवा तंबोरा हाताळणाऱ्याला ऊन लागलं की ताण कसा बदलतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

पुल-इन व्होल्टेज, म्हणजे ज्याला पूल सांभाळता न येता एकदम खाली कोसळतो ते व्होल्टेज, ताठपणाच्या वर्गमुळावर आणि फटीच्या दीड घातावर अवलंबून असतं. या मापांसाठी ते ताठपणाला ९० ने गुणून वर्गमूळ घेतलं की येतं. ३७ वर ५८ व्होल्ट. ड्रायव्हर ७० व्होल्टचा निवडला होता, म्हणजे २० टक्के राखीव. कागदावर ही निवड अगदी रास्त दिसते.

एका अंशामागे किती

सोनं दर अंशाला दशलक्षात १४.२ भाग फुगतं, सिलिकॉन २.६. फरक ११.६. पुलाची टोकं सिलिकॉनला बांधलेली असल्याने सोन्याला हवं तेवढं लांब होता येत नाही. जेवढी लांबी अडली तेवढा ताण कमी होतो. ७८ गिगापास्कलला ११.६ दशलक्षांशाने गुणलं की दर अंशाला ०.९ मेगापास्कल.

हा आकडा २० मेगापास्कलच्या शेजारी ठेवून बघा. २२ अंश तापलं की सगळा ताण संपला. आकडे असे येतात:

उणे ४० अंश: ताण ७९ मेगापास्कल, ताठपणा १३१, पुल-इन १०९ व्होल्ट
० अंश: ताण ४३, ताठपणा ७३, पुल-इन ८१ व्होल्ट
१० अंश: ताण ३४, ताठपणा ५९, पुल-इन ७३ व्होल्ट
२५ अंश: ताण २०, ताठपणा ३७, पुल-इन ५८ व्होल्ट
४० अंश: ताण ६, ताठपणा १५, पुल-इन ३७ व्होल्ट
४७ अंश: ताण जवळपास शून्य, ताठपणा ५, पुल-इन सुमारे २२ व्होल्ट

पहाटेचं कोडं इथेच सुटतं. १३ अंशाला पुल-इन ७० व्होल्टला पोचतं. त्याखाली ड्रायव्हरचा २० टक्के राखीव संपलेला असतो. त्यासाठी लेहच्या थंडीची गरज नाही, नागपूरची जानेवारीतली पहाट पुरते.

दुपारचं कोडं थोडं आडवळणाचं आहे. विद्युत आकर्षण व्होल्टेजच्या वर्गावर चालतं, त्यामुळे ते दिशा बघत नाही. पट्टीवरून जाणारा रेडिओ सिग्नलही पुलाला खेचतो, आणि पूल गिगाहर्ट्झच्या वेगाने हलू शकत नसल्याने त्याला फक्त सरासरी वर्गाचं मूल्य जाणवतं. ५० ओहमच्या लाइनवर ५ वॅट म्हणजे १५.८ व्होल्ट. पुढे जुळणी बिघडलेली असेल, आणि ट्यूनिंग सर्किटात ती असतेच, म्हणून तर ट्यूनर लागतो, तर उभ्या लहरीच्या माथ्यावर हे जवळपास दुप्पट होतं: ३१.६ व्होल्ट. आता वरची यादी पुन्हा बघा. ४३ अंशाला पुल-इन ३१.६ व्होल्टवर उतरतं. त्यापुढे रेडिओ स्वतःच स्विच ओढतो. टेबलावर सिग्नल जनरेटरने काही मिलिवॅट देऊन चाचणी केली तर हे कधीच दिसणार नाही. चाचणी पूर्ण वॅटवर, मुद्दाम बिघडवलेल्या लोडसह आणि तापवूनच करायला हवी.

याच पट्ट्यात आणखी एक दुखणं लपलेलं असतं. ३ मायक्रॉन खाली बसलेल्या पुलाला वर आणणारा जोर ढोबळमानाने ताठपणा गुणिले फट. २५ अंशाला ११० मायक्रोन्यूटन, ४७ अंशाला जेमतेम १५. नायट्राइडवर थोडा जरी चार्ज अडकला असेल किंवा ओलाव्याचा पापुद्रा असेल तर १५ मायक्रोन्यूटन सुटायला पुरत नाहीत. म्हणून 'गरम झाला की चिकटतो' या तक्रारीत दर वेळी चार्जलाच दोषी धरू नये. कित्येकदा पूलच ढिला पडलेला असतो.

५० अंशाच्या पलीकडे

४७ अंशाला ताण संपतो आणि पुढे दाब सुरू होतो. बारीक पट्टी दाब फार सोसत नाही. या पुलाची मर्यादा २.८५ मेगापास्कल, म्हणजे आणखी ३ अंश. ५० अंशाच्या आसपास पूल बाक घेतो.

हे डोळ्यांनी बघण्यासारखं असतं. चिप तापवायच्या स्टेजवर ठेवून वरून पांढऱ्या प्रकाशाच्या इंटरफेरोमीटरने, म्हणजे उंचीतले बारीक फरक प्रकाशाच्या पट्ट्यांनी दाखवणाऱ्या उपकरणाने पाहिलं की २५ अंशाला पुलावर जेमतेम एखादी पट्टी दिसते, कारण पृष्ठभाग सपाट असतो. ४५ पर्यंत काही घडत नाही. ४८-४९ ला पट्ट्या वाकायला लागतात आणि ५१-५२ ला मधोमध एकात एक लांबट वलयं उमटतात. पाणी उकळायच्या आधी शांत असतं आणि मग एकदम हलतं, तसं. ६० अंशाला मधल्या भागाची उंची २ मायक्रॉन बदललेली असते, ७० ला २.९, ८५ ला ३.८. सरकणी बाक आल्यानंतरच्या तापमानवाढीच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून सुरुवातीचे काही अंशच सर्वांत मोठी उडी मारतात.

बाक वर जाणार की खाली, हे दोन बारीक गोष्टी ठरवतात: थराच्या जाडीत ताणाचा उतार कोणत्या बाजूला आहे, आणि अँकरजवळची पायरी कशी चढली आहे. एकाच वेफरच्या, म्हणजे ज्या चकतीतून चिप्स कापतात तिच्या, मधल्या आणि कडेच्या चिप्स वेगळ्या दिशेने जाऊ शकतात. खाली गेला तर ७२ अंशाच्या आसपास ३ मायक्रॉनची फट पूर्ण संपते आणि पूल शून्य व्होल्टला नायट्राइडवर टेकतो. वर गेला तर फट ६ मायक्रॉनजवळ जाते आणि फटीच्या दीड घातामुळे ७० व्होल्ट अपुरे पडतात. एप्रिल-मेमधली दोन उलट लक्षणं एकाच कारणाची आहेत, हे या आकड्यांवरून ओळखता येतं. ते न ओळखता एका गटाला 'शॉर्ट' आणि दुसऱ्याला 'डेड' असे शिक्के मारले, तर मूळ कारण हातातून निसटतं.

गणित आणि चिप यांत एक फरक ध्यानात ठेवावा. इथे अँकर पूर्ण घट्ट धरले आहेत. खरे अँकर थोडे लवतात, त्यामुळे प्रत्यक्षात दर अंशाचा उतार यापेक्षा सौम्य येतो आणि बाक थोडा उशिरा येतो. पण आकृती तीच राहते. उतार किती सौम्य आहे हे मोजूनच ठरवावं लागतं.

मोजायचं कसं, आणि कशाने फसगत होते

तापमानाने पुल-इन सरकलं की चार संशयित असतात: ताण, नायट्राइडमधला चार्ज, ओलावा आणि ड्रायव्हर. चौघांना वेगळं करणारी मोजणी अशी:

चिप व्हॅक्यूम चक (चिप ओढून धरणारा, तापवता येणारा पाट) असलेल्या प्रोब स्टेशनवर, सुक्या नायट्रोजनच्या झोताखाली ठेवा. चकवरचं तापमान खरं धरू नका. चिपवरच पातळ थर्मोकपल किंवा तापमान मोजणारा रेझिस्टर ठेवा. पॅकेजमध्ये बसवलेल्या चिपचं तापमान चकपेक्षा काही अंश कमी असणं नेहमीचंच आहे. दर ५ अंशाला थांबा आणि १० मिनिटं मुरू द्या. मग १० हर्ट्झचं त्रिकोणी व्होल्टेज द्या, अधिक ते उणे. लहान रेडिओ सिग्नल आणि डिटेक्टरने धारितेची उडी टिपा. एका फेरीत चार आकडे मिळतात: अधिक बाजूचं पुल-इन आणि सुटणं, उणे बाजूचं पुल-इन आणि सुटणं.

अधिक आणि उणे पुल-इनची सरासरी घेतली की यांत्रिक भाग मिळतो. दोन्हींमधला फरक काढला की त्याचा अर्धा भाग चार्जचा असतो. उदाहरणार्थ, ४० अंशाला अधिक बाजूला ४१ आणि उणे बाजूला ३३ आलं, तर सरासरी ३७ म्हणजे ताण गणितासारखाच उतरला आहे, आणि ४ व्होल्टची सरकणी चार्जमुळे आहे. फक्त अधिक बाजू मोजणाऱ्याला ४१ दिसेल आणि तो उतार कमी आहे असं समजेल. नायट्राइडमध्ये चार्ज शिरण्याचा वेग तापमानाने वाढतो, त्यामुळे गरम बाजूला ही चूक मोठी होते. एकाच बाजूचं मोजमाप अहवालात आलं तर ते बाजूला ठेवावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

वर जाताना आणि परत येताना, दोन्ही वेळा मोजा. २५ ला परतल्यावर पुल-इन सुरुवातीपेक्षा वेगळं आलं तर सोन्याने आकार बदलला आहे. सोनं मऊ धातू आहे. बाक आलेल्या अवस्थेत ते अँकरजवळ सरकतं आणि थंड झाल्यावर जुन्या ताणावर परत येत नाही. पॅकेज सील करताना हे हमखास घडतं: सोनं-कथील मिश्रणाचं सोल्डर २८० अंशाला वितळतं, ग्लास फ्रिट (काचेच्या भुकटीचं) सीलिंग त्याहून बरंच वर जातं. वेफरवर मोजलेलं ५८ आणि सील केल्यानंतरचं पुल-इन जुळत नसेल तर चाचणीची चूक शोधत बसू नका. सीलिंगच्या आधी आणि नंतरची नोंद वेगवेगळी ठेवा.

थंड बाजूचा सापळा ओलाव्याचा. हर्मेटिक, म्हणजे हवाबंद पॅकेजसाठी लष्करी मानकात आतल्या पाण्याच्या वाफेची मर्यादा दशलक्षात ५००० भाग इतकी आहे. साध्या तर्काने ते सुकं वाटतं. प्रत्यक्षात एका वातावरणाच्या दाबाला ५००० भाग म्हणजे सुमारे ५०७ पास्कल वाफ, आणि ती उणे २ अंशाच्या आसपासच हिम म्हणून जमायला लागते. उणे ४० पर्यंत हिम नको असेल तर वाफ १३ पास्कलच्या खाली, म्हणजे दशलक्षात सुमारे १२५ भागांच्या आत हवी. ५ अंशाला छान सुटणारा स्विच उणे १० ला चिकटत असेल तर ताणाचं गणित त्याला लावू नका. थंडीत ताण वाढतो, म्हणजे सुटणं सोपं व्हायला हवं. ते उलट झालं तर पाणी शोधा.

ड्रायव्हरची फसगत साधी आहे पण वारंवार होते. ७० व्होल्ट देणारा चार्ज पंप, म्हणजे ड्रायव्हरमधलं व्होल्टेज चढवणारं सर्किट, काही मायक्रोअँपचाच असतो. त्याला साधा १० मेगाओहमचा मल्टीमीटर लावला तर तो ७ मायक्रोअँप खातो आणि मोजतानाच व्होल्टेज बसतं. मग 'ड्रायव्हर खराब' असा निष्कर्ष निघतो. एक गिगाओहम किंवा त्याहून जास्त इनपुटचा मीटर वापरा. गरम बाजूला डायोडची गळती वाढते, त्यामुळे ८५ अंशाला पंपाचं व्होल्टेज खरोखरच उतरू शकतं. तेही त्याच मीटरने तपासा.

व्होल्टेज वाढवून का चालत नाही

पहिली सूचना नेहमी हीच येते: उणे ४० ला १०९ लागतात, तर १२० व्होल्ट द्या. ०.२ मायक्रॉन नायट्राइडवर बसलेल्या पुलाला १२० व्होल्ट म्हणजे सेंटिमीटरला ६ मेगाव्होल्ट. थर फुटण्याच्या उंबरठ्यावरचा आकडा आहे हा. फुटला नाही तरी चार्ज भरण्याचा वेग व्होल्टेजनुसार घातांकी वाढतो. या प्रकारच्या स्विचवर झालेल्या आयुष्याच्या चाचण्यांत दर ५ ते ७ व्होल्ट कमी केल्यावर आयुष्य सुमारे १० पट वाढताना दिसलं आहे. ७० वरून १२० ला जाणं म्हणजे आयुष्य दहा-दहा पटींच्या अनेक पायऱ्या खाली ढकलणं. उन्हाळी बाजूला तर १२० व्होल्टचा काहीच उपयोग नाही, तिथे प्रश्न न सुटण्याचा आणि बाकाचा आहे.

दुसरी सूचना थोडी शहाणी: तापमान मोजून ड्रायव्हरचं व्होल्टेज बदला. १० ते ४० अंशांत हे चालतं. ४३ च्या पुढे रेडिओ ओढतो, ५० ला बाक येतो, आणि त्यावर कुठल्याही तक्त्याचा इलाज नाही.

तिसरी: सुरुवातीचा ताण वाढवा, ६० मेगापास्कल घ्या. बाक मग ९४ अंशापर्यंत ढकलला जातो, ८५ पार पडतं. पण २५ ला पुल-इन ९६ व्होल्टला जातं आणि उणे ४० ला १३२ ला. दुखणं फक्त गरम टोकाकडून थंड टोकाकडे गेलं.

धातू बदलणं? यंग गुणांक आणि प्रसरणातला फरक यांचा गुणाकार बघा. सिलिकॉनवर ॲल्युमिनियमला दर अंशाला १.४ मेगापास्कल, निकेलला २.१. सोनं त्यातल्या त्यात बरं. पाया बदलून ॲल्युमिना घेतला तर सोन्याचा आकडा ०.६ च्या आसपास येतो. सुधारणा आहे, उत्तर नाही. फ्यूज्ड क्वार्ट्झ (वितळवून केलेली क्वार्ट्झची काच) घेतलं तर उलट बिघडतं, कारण ते सिलिकॉनपेक्षाही कमी फुगतं.

टांगणी बदलणं

सोन्याला फुगायचं आहे तर फुगू द्यायला हवं. पूल दोन भिंतींमध्ये आवळण्याऐवजी घडीच्या पायांवर टांगला की लांबी वाढताना पाय बाजूला झुकतात आणि पुलात दाब साठत नाही. भारतात पिलानीच्या सीरी संस्थेत रेडिओ मेम्स स्विचवर बराच काळ काम चालू आहे आणि तिथेही वळणदार टांगणीच्या रचना वापरल्या गेल्या आहेत. बाजारात टिकलेले स्विच बहुतेक एकाच टोकाला धरलेल्या पट्टीचे, म्हणजे कँटिलिव्हर आहेत. ॲनालॉग डिव्हायसेसचे सोन्याचे स्विच त्याच जातीचे. एक टोक मोकळं असलं की अडकलेल्या प्रसरणाचा प्रश्नच मिटतो, मात्र पट्टी वाळलेल्या पानासारखी वळण्याचा धोका येतो. या पेटीसाठी मधला मार्ग घेतला, कारण सिग्नलची पट्टी आणि दोन्ही बाजूंची जमीन तशीच ठेवायची होती.

नवीन रचना: मधे १४० × १०० मायक्रॉनची प्लेट, जाडी ३ मायक्रॉन. चारही कोपऱ्यांतून लांबीच्या दिशेने २० मायक्रॉनचा छोटा तुकडा बाहेर येतो, मग काटकोनात वळून ४५ मायक्रॉनचा पाय आतल्या बाजूला, मध्यरेषेकडे जातो. पायाची रुंदी १०, जाडी १ मायक्रॉन. एका बाजूचे दोन्ही पाय मध्यरेषेवरच्या एकाच खांबावर टेकतात.

पाय आत वळवणं हा या रचनेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. पाय बाहेर नेले असते तर रुंदीच्या दिशेने पाय, प्लेट, पाय अशी पुन्हा दोन टोकांना आवळलेली पट्टी तयार झाली असती आणि बाक प्लेटऐवजी पायांत आला असता. पहिल्यांदा आराखडा काढताना ही चूक सहज होते. आत वळवलं की प्लेटचा कोपरा मध्यरेषेपासून जेवढा बाहेर सरकतो, जवळपास तेवढाच पायही त्याच दिशेने लांबतो. दोघंही सोन्याचे, दोघांचा आरंभ मध्यरेषेवर. रुंदीच्या दिशेचा ताण जवळजवळ उरतच नाही.

लांबीच्या दिशेने बघू. प्लेटचं अर्ध, ७० मायक्रॉन, ६० अंशाच्या फरकाला ०.०४९ मायक्रॉन लांबतं. पाय तेवढे बाजूला झुकतात, आणि त्यांच्या मुळाशी वाकण्याचा ताण येतो ५६ मेगापास्कल. पातळ सोन्याच्या थराला तो पेलतो. प्लेटवर परत येणारा दाब मेगापास्कलच्या अंशात असतो. पाय वर-खाली वाकायला चारही मिळून ३४ न्यूटन प्रति मीटर, प्लेटची स्वतःची लवण धरून ३१. पुल-इन ५३ व्होल्ट. जुन्या २५ अंशाच्या आकड्याजवळच हे बसतं, पण आता ताठपणा आकारातून येतो, ताणातून नाही. लहान सरकणीसाठीचं हे सूत्र आहे. पाय वाकताना थोडे ताणलेही जातात, म्हणून खरं पुल-इन काही व्होल्ट जास्त निघतं. तो २० मायक्रॉनचा छोटा तुकडा हा ताण सैल करण्यासाठीच आहे, तो वगळू नका.

तापमानाने आता काय बदलतं? सोन्याचा यंग गुणांक दर अंशाला काही शतांश टक्के उतरतो. उणे ४० ते ८५ च्या पूर्ण पट्ट्यात पुल-इनवर त्याचा परिणाम दोन-तीन टक्के, म्हणजे एक-दीड व्होल्ट.

या सुधारणेची किंमत आहे. प्लेट १ मायक्रॉनची ठेवता येत नाही: १४० मायक्रॉन लांबीला तिचा ताठपणा ११ च येतो आणि पायांऐवजी प्लेटच वाकते. ३ मायक्रॉनला तो ३०० च्या वर जातो. म्हणून सोन्याचं इलेक्ट्रोप्लेटिंग दोनदा आणि एक मास्क (थराचा आकार उमटवायचा साचा) जास्त. जाड प्लेट जड असते. जुना पूल सुमारे ६४ किलोहर्ट्झला डोलायचा, नवीन प्लेट ३१ ला. बसण्याचा वेळ जवळपास दुप्पट, हवेचा अडथळा सोडून ७ ऐवजी १४-१५ मायक्रोसेकंद. अँटेना ट्यूनिंगला हे चालतं, प्रत्येक पॅकेटमागे स्विच करणाऱ्या सर्किटाला चालेलच असं नाही. प्लेटखालची हवा निघायला आणि खालचा सॅक्रिफिशियल थर (बनवताना आधाराला असलेला, नंतर काढून टाकायचा) धुवायला प्लेटमध्ये भोकं पाडावी लागतात. ८ मायक्रॉनची, २० मायक्रॉन अंतराने.

प्लेटिंगमधला ताणाचा उतार आता मुख्य शत्रू होतो. जाडीच्या दर मायक्रॉनमागे ५ मेगापास्कल उतार असेल तर प्लेटची टोकं मध्यापेक्षा ०.१६ मायक्रॉन वर-खाली जातात आणि पायांचं वळण त्यात भर घालतं. फट ३ ची ३.२ झाली तरी पुल-इन १० टक्के चढतं. प्लेटिंग बाथचं तापमान आणि करंट डेन्सिटी बॅचमागून बॅच स्थिर ठेवली नाही तर टांगणी बदलून घालवलेला उन्हाळ्याचा ताप कारखान्यातून परत येतो. दर वेफरच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोकळ्या कँटिलिव्हरची एक रांग ठेवावी. तिची वळलेली टोकं इंटरफेरोमीटरखाली पाच मिनिटांत उतार सांगतात.

ड्रायव्हर ७० व्होल्टचाच ठेवता येतो. मात्र पूर्ण ७० फक्त बसण्यापुरते, पहिले १०० मायक्रोसेकंद. नंतर २५ व्होल्टवर धरून ठेवा. नायट्राइडवरचं क्षेत्र ३.५ वरून १.२५ मेगाव्होल्ट प्रति सेंटिमीटरला येतं. दर वेळी व्होल्टेजची दिशा आलटून-पालटून दिली की अडकलेला चार्जही एका बाजूला साठत नाही. ५ वॅटचा ३१.६ व्होल्टचा माथा आता कुठल्याही तापमानाला ५० च्या खूप खाली राहतो.

स्वीकृतीची कसोटी एकच ठेवली तरी चालेल, पण ती प्रत्येक वेफरला लावायची: सीलिंगनंतर २५ आणि ८५ अंशाला, दोन्ही दिशांच्या पुल-इनची सरासरी. दोन आकड्यांत ३ व्होल्टहून जास्त फरक, म्हणजे दर अंशाला ०.०५ व्होल्टच्या वर, आला तर तो वेफर बाजूला काढायचा आणि मध्यरेषेवरचे खांब सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. बहुतेक वेळा तिथे रेझिस्ट (आकार उमटवण्यासाठीचा प्रकाशसंवेदी लेप) नीट न निघाल्याने पायाचं टोक पूर्ण रुंदीत टेकलेलं नसतं, किंवा पायाखाली सॅक्रिफिशियल थराचा पातळ पदर उरलेला असतो आणि पाय मोकळा झालेलाच नसतो.